सेटरची जागा रिकामी ठेवून पैसे खरंच वाचतात का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. भोसरीत जॉबवर्कचं (दुसऱ्यांच्या मालावर मशीनकाम करून देण्याचं) वर्कशॉप, चार व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीनं), तीन सीएनसी टर्निंग (तशीच लेथ मशीनं), मिळून २२ माणसं, महिन्याची उलाढाल अकरा लाखांच्या आसपास. व्हीएमसीवरच्या दोन सेटरपैकी (नवीन जॉब मशीनवर लावून मापं जुळवून देतो तो सेटर, पुढे मशीन चालवतो तो ऑपरेटर) एक मेच्या अखेरीस सोडून गेला. पगार २८,०००. आता सप्टेंबर संपत आला तरी जागा रिकामीच, कारण जे कोणी येतात ते ३४,००० मागतात. अकाउंटंट म्हणतो, चार महिन्यांत १ लाख १२ हजार वाचले. थोरले बंधू म्हणतात, दिवाळीनंतर बघू. तुम्हाला हे पटत नाही, पण आकडा हातात नसल्यामुळे घरात बोलता येत नाही.

सोबत मशीनचं लॉगबुक, रिजेक्शनची वही आणि येण्यांची (गिऱ्हाइकांकडून यायच्या पैशांची) यादी पाठवलीत, हे फार बरं केलंत. वर्कशॉपांचं कॉस्टिंग करताना निम्मा वेळ ही कागदपत्रं मिळवण्यातच जातो.

अकाउंटंट खोटं सांगत नाही, उलट तो कमीच सांगतोय. २८,००० पगारावर मालकाला पीएफ भरावा लागतो (१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के, शिवाय प्रशासन आणि विम्याचा मिळून एक टक्का), दिवाळीला बोनस दिला जातो, ग्रॅच्युइटीची तरतूद ठेवावी लागते, भरपगारी रजा असतात. हे सगळं धरलं तर तो माणूस तुम्हाला महिन्याला ३३,००० च्या आसपास पडत होता. म्हणजे चार महिन्यांची बचत १ लाख ३२ हजार. आता बघायचं ते एवढंच, की हे पैसे गेले कुठे. पगाराचं खातं हलकं झालं आणि ओव्हरटाइम, बाहेरचं जॉबवर्क, टेम्पोभाडं, डेबिट नोट (पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, बिलातून कापते ती रक्कम), बँकेचं व्याज ही खाती थोडी थोडी फुगली. या प्रत्येक खात्याकडे फुगण्याचं आपलं आपलं कारण असतं. म्हणून ती एकत्र जोडून कोणी बघत नाही.

इंटरनेटवर एक सूत्र सापडेल: वर्षाची उलाढाल भागिले माणसं भागिले कामाचे दिवस, हे एका रिकाम्या जागेचं रोजचं नुकसान. तुमच्या बाबतीत ते साधारण १,९५० ते २,००० रुपये येईल. ते वापरू नका. त्या सूत्रात झाडलोट करणारा आणि सेटर एकाच भावाचे ठरतात. शिवाय उलाढाल म्हणजे नफा नव्हे. माणूस नाही म्हणून काम झालं नाही, तर त्या कामाला लागणारी वीज, इन्सर्ट (कापणारी बदलती टोकं), कूलंट (कापताना सोडायचं थंडाव्याचं द्रव) हेही खर्च झालेलं नसतं.

त्याऐवजी तुमच्याच कागदांवरून एकेक बाब घेऊ.

ओव्हरटाइम. राहिलेला सेटर सकाळी सातला येतो आणि साडेतीनला सुटण्याऐवजी साडेसहापर्यंत थांबतो. रोज तीन तास, २५ दिवस, म्हणजे महिन्याला ७५ तास. त्याचा पगार ३०,०००. २६ दिवस आणि आठ तासांनी भागला तर तासाला १४४ रुपये. तुम्ही त्याला सिंगल रेटने देता असं लिहिलंय, म्हणजे १०,८००. भोसरी-चाकणला असं देणारे बरेच आहेत हे मला ठाऊक आहे, पण १९४८ च्या कारखाना कायद्यातही ओव्हरटाइमचा दर दुप्पट होता आणि नव्या श्रम संहितेतही दुप्पटच आहे. उरलेले १०,८०० तुम्ही वाचवलेले नाहीत, ते देणं अंगावर साचतंय. तो सोडून जाताना भांडला तर सगळं एकदम मागेल, आणि त्याचं बरोबर असेल. म्हणून हिशेबात मी २१,६०० धरतो. दुसरी गोष्ट म्हणजे महिन्याला ७५ तास, तर तिमाहीला २२५ होतात. कायद्याची तिमाही मर्यादा याच्या जवळपासही नाही. हजेरीपुस्तक तपासायला कोणी आलं तर काय दाखवणार, तेही बघून ठेवा.

मशीनचे बुडालेले तास. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

लॉगबुकातली ११ ऑगस्टची व्हीएमसी-३ ची नोंद बघा. रात्री १०.१०: ‘ड्रिल तुटला, ऑफसेट माहीत नाही, मशीन बंद.’ (ऑफसेट म्हणजे टूलच्या मापाची मशीनला द्यायची नोंद.) त्याखाली दुसऱ्या दिवशीची: ‘८.४० चालू.’ दुसरी पाळी बाराला सुटते, म्हणजे तिचे एक तास पन्नास मिनिटं गेले. सकाळी सातला सेटर आला, पण तो व्हीएमसी-१ वर नवीन जॉब लावत होता, म्हणून आणखी एक तास चाळीस मिनिटं. दोनशे-तीनशे रुपयांचा ड्रिल आणि साडेतीन तास मशीन उभं. ऑपरेटरचा पगार चालू, बँकेचा हप्ता चालू. अशा उभं राहण्याचे महिन्याला सरासरी ३५ तास निघतात. शिवाय जॉब बदलताना पूर्वी सेटिंगला दीड तास लागायचा. आता सेटरची वाट बघण्यासकट चार तास लागतात. महिन्याला २२ वेळा जॉब बदलतो, म्हणजे ५५ तास. एकूण ९० तास.

आता बहुतेक जण ९० ला मशीन अवर रेटने गुणतात. तुमचा रेट ४५०, झाले ४०,५००, आणि मोकळे होतात. हे दोन कारणांनी चूक. एक तर त्या ४५० मधले साधारण ७० रुपये वीज, इन्सर्ट, कूलंटचे असतात. मशीन उभं असेल तर ते लागत नाहीत. म्हणजे तासाला खरं बुडतं ते ३८०. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: ज्या मशीनपुढे काम पडून आहे, त्याच मशीनचा तास बुडाला तर पैसे बुडतात. व्हीएमसी-१ आणि व्हीएमसी-३ वर तुमचं तीन आठवड्यांचं काम मागे आहे. व्हीएमसी-२ आणि ४ तसेही अधूनमधून मोकळे असतात. तिथे ३० तास गेले, पण ते तास सेटर असता तरी विकले गेले नसते. ते सोडून द्या. राहिले ६० तास.

या ६० पैकी ४० तासांचं काम तुम्ही शेजारच्या गाळ्यात ५२० च्या रेटने करून घेतलं. म्हणजे पार्टीकडून ४५० मिळाले आणि शेजाऱ्याला ५२० दिले. स्वतः केलं असतं तर ३८० सुटले असते, त्याऐवजी ७० खिशातून गेले. फरक तासाला ४५०. चाळीस तासांचे १८,०००. जे २० तास झालेच नाहीत त्यांचे ७,६००. टेम्पो आणि हमाली ३,०००. बेरीज २८,६००. बाहेर दिलेले तास आणि बुडालेले तास वेगवेगळे धरून दोनदा मोजू नका. बंधू हिशेब तपासतील तेव्हा पहिल्यांदा हीच चूक पकडतील आणि मग बाकीचाही हिशेब झटकून टाकतील.

रिजेक्शन. मेपर्यंत १.२ टक्के होतं, आता २.८ आहे. महिन्याला ९,००० नग धरले तर १४४ नग जास्त वाया जातात. पार्टी मटेरियलचे ९५ रुपये डेबिट करते, तुमचे मशीनिंगचे ४५ जातात, म्हणजे २०,००० च्या वर. पण तुम्हीच लिहिलंय, की ऑगस्टपासून इन्सर्टचा ब्रँड बदललात. मग सगळं खापर रिकाम्या जागेवर कसं फोडणार? मी निम्मं धरतो, १०,०००. खरं तर वहीत तारखा बघितल्या तर जुलैमध्येच रिजेक्शन चढलेलं दिसतं. जॉब लावल्यावर पहिला नग तपासून सही करायची पद्धत जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून वहीतून गायब आहे. ज्याने सही करायची तोच तीन मशीनमध्ये पळतोय. तरीही निम्म्यावरच थांबू, हिशेब आखडता असलेला बरा.

उशिराची डेबिट नोट. तीन महिन्यांत एक, १४,००० ची. महिन्याला ४,७०० धरू.

तुमचा स्वतःचा वेळ. संध्याकाळी साडेसहानंतर तुम्ही स्वतः मशीनवर उभे राहता असं लिहिलंय. हौस असेल तर वेगळी गोष्ट. पण तुम्ही वसुलीचे फोन करत होतात ते संध्याकाळीच, आणि येण्यांच्या यादीत सरासरी ५२ दिवसांची उधारी ६८ वर गेलेली दिसते. सोळा दिवस म्हणजे साधारण सहा लाख रुपये जास्त अडकले. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज ११ टक्के, म्हणजे महिन्याला ५,५००. याचा सेटरशी काय संबंध, असं अकाउंटंट विचारेल. फोन कोण करायचं आणि आता त्या वेळी तो माणूस कुठे असतो, एवढं त्याला सांगा. जाता जाता: उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी) आहे ना? २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे तुमचे पैसे ४५ दिवसांच्या आत यायला हवेत, आणि नाही दिले तर त्या वर्षी घेणाऱ्यालाच आयकरात तो खर्च धरता येत नाही. मार्च जवळ आला की हे एक वाक्य फोनवर चांगलं चालतं.

सगळं मिळून झालं ७०,४००. बचत ३३,०००. म्हणजे महिन्याला ३७,४०० चा निव्वळ तोटा, कामाच्या दिवसाला १,४०० च्या वर. पहिल्या महिन्यात इतका नसणार, कारण जुने सेटिंग चालू होते आणि मागे पडलेलं काम साचायला वेळ लागतो. तरी चार महिन्यांत लाख-सव्वा लाख गेलेत. अकाउंटंटने वाचवले म्हटलेत, त्याच सुमाराचा आकडा, फक्त उलट्या बाजूचा.

या बेरजेत दोन गोष्टी नाहीत, कारण त्यांना आकडा लावता येत नाही. पहिली: तुमच्या मोठ्या पार्टीने नवीन पार्टचं कोटेशन यावेळी तुमच्याकडे मागितलंच नाही. त्याचं कारण सेटरच असेल असं मी म्हणणार नाही. पण खरेदी विभागातला माणूस सप्लायरची यादी काढतो तेव्हा मागच्या सहा महिन्यांचं डिलिव्हरी रेटिंग समोर ठेवतो, आणि तुमचं घसरलंय.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची. राहिलेला सेटर. तो रोज साडेअकरा तास उभा आहे आणि काही गुरुवारीही, म्हणजे सुट्टीच्या दिवशीही, तुम्ही त्याला बोलावलंय. बाजारात त्याच्या कामाला ३४,००० मिळतात हे तुम्हाला मुलाखतींमधून कळलं, तसं त्यालाही कळलेलं असणार. गेलेल्या सेटरचा आणि त्याचा फोन चालूच असेल. हा गेला तर चार व्हीएमसी एकदम उभ्या राहतील, आणि तेव्हा महिन्याचा तोटा हजारांत मोजायचा नसेल. एक जागा रिकामी राहिली की दुसरी रिकामी होण्याची तयारी तिथूनच सुरू होते. मी पाहिलेल्या वर्कशॉपांमध्ये सगळ्यात मोठा फटका नेहमी या दुसऱ्या माणसाच्या जाण्याने बसलाय.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू होणार हे आधीपासून जाहीर होतं. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला आला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली आणि सरकारने कंपनीला वेळापत्रकात १० टक्के कपात करायला लावली. माणसं ओढूनताणून पुरत असतात तोवर ताळेबंद छान दिसतो. एक नियम बदलला किंवा एक जण आजारी पडला की राखीव काहीच उरलेलं नसतं. तुमच्या सेटरला उद्या टायफॉइड झाला तर काय, एवढा प्रश्न बंधूंना विचारून बघा.

आता बंधूंच्या म्हणण्याकडे येऊ. दिवाळीनंतर बघू, यात अर्धं तथ्य आहे. बोनस हातात पडला की माणसं हलतात हे एमआयडीसीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे दिवाळीनंतर गेटवर येणाऱ्यांची संख्या वाढते, आणि एखादा चांगला माणूस ३२ लाही तयार होतो. पण तुमचा सेटरही त्याच बोनसची वाट बघतोय. शिवाय यंदा दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा शोधायला लागलात तर माणूस ठरायला नोव्हेंबर संपेल. त्याचा तिकडचा नोटीस महिना धरा. मग तुमचे जॉब, तुमचे फिक्श्चर (नग धरून ठेवायचे साचे), तुमच्या पार्टीचं ड्रॉइंग हाताखालून जायला दोन महिने. म्हणजे पुरता उपयोगी पडेल तो फेब्रुवारीच्या अखेरीस. आज ठरवलं तर डिसेंबरअखेर. दोन महिन्यांच्या या फरकाची किंमत वरच्याच हिशेबाने ७५,००० आहे.

खरी अडचण सहा हजारांची नाही, आणि तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेलीय: ‘नव्याला ३४ दिले तर बाकीचे काय म्हणतील?’ प्रश्न रास्त आहे. नव्याला ३४ आणि सहा वर्षं टिकलेल्याला ३० हे दोन दिवस लपेल, तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळेल. म्हणून हिशेब पूर्ण करा. नव्याचे सहा हजार जास्त. जुन्या सेटरला निदान ३५ करावे लागतील, पाच हजार. टर्निंगचे दोन सेटर गप्प बसणार नाहीत, त्यांना तीन-तीन धरा. झाले १७,०००, बोनससकट १८,५००. महिन्याचा तोटा ३७,४०० थांबला आणि त्यातले १८,५०० पगारवाढीत गेले, तरी १८,९०० उरतात. जुन्या सेटरला टिकवल्याचा फायदा यात धरलेला नाही. माझ्या मते ही वाढ जुन्याला आधी द्या, नव्याला नंतर बोलवा. क्रम उलटा झाला तर तेच पैसे देऊनही नाराजी पदरात पडेल.

एक इशारा मात्र देतो. हा सगळा हिशेब मागे पडलेल्या कामावर उभा आहे. जानेवारीनंतर पार्टीचं शेड्यूल उतरणार असेल तर २८,६०० ची बाब जवळजवळ पुसली जाते, ओव्हरटाइमही उतरतो, आणि मग महिन्याला १८,५०० ची कायमची वाढ अंगावर घ्यायची का, हा प्रश्न खरा होतो. पगार एकदा चढवला की उतरवता येत नाही. तेव्हा जाहिरात देण्याआधी पार्टीला फोन करून पुढच्या दोन तिमाहींचं शेड्यूल विचारा. तोंडी सांगितलं तरी चालेल, त्यावरून अंदाज येतो.

मी तुमच्या जागी असतो तर आणखी एक रस्ता आधी तपासला असता. दुसऱ्या पाळीतला तुमचा व्हीएमसी ऑपरेटर, ज्याला तीन वर्षं झालीत. लॉगबुकात त्याच्या अक्षरात दोन-तीन ठिकाणी ‘ऑफसेट -०.०२ केला, नग ओके’ असं लिहिलेलं आहे. म्हणजे तो न सांगता थोडं सेटिंग करतोच आहे. त्याला उघडपणे सेटर करायला घ्या. तीन महिने जुन्या सेटरच्या हाताखाली, लगेच तीन हजार वाढ, आणि चार जॉब स्वतः लावून पहिला नग ओके आला की आणखी चार. १९ वरून २६ ला गेला तरी तो बाहेरच्या ३४ च्या खाली आहे आणि तुमचे जॉब त्याला पाठ आहेत. मग रिकामी होईल ती ऑपरेटरची जागा. ती भरणं कितीतरी सोपं. आयटीआयचा मशिनिस्ट ट्रेडचा पोरगा औंधच्या आयटीआयमधून किंवा गावाकडच्या ओळखीतून मिळतो, १७ ला येतो आणि महिन्याभरात लोडिंग-अनलोडिंगला तयार होतो. रिकामी जागा शेवटी कुठेतरी राहणारच असेल, तर जिथे ती सगळ्यात स्वस्त पडते तिथे ती खाली सरकवायची.

यात एक खाच आहे. पगार २१,००० च्या वर गेला की चालू योगदान काळ संपल्यावर ईएसआयसी (कामगार विम्याचे उपचार) सुटतं. घरी म्हातारे आईवडील असतील, बायकोचं बाळंतपण जवळ असेल, तर पोरगा पगारवाढीलाच बिचकतो. कधीकधी ‘राहू द्या साहेब, ऑपरेटरच बरा’ म्हणतो आणि मालकाला कळत नाही काय झालं. आधी बोलून घ्या, आणि घरच्यांचा मेडिक्लेम कंपनीतून काढून द्या. सेटरच्या एका महिन्याच्या पगारापेक्षा तो स्वस्त पडतो.

अप्रेंटिसबद्दलही विचारलंत. ३० किंवा जास्त माणसं असतील तर एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. तुमच्याकडे २२, म्हणजे ऐच्छिक. एनएपीएस या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, जास्तीत जास्त महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतचा भार केंद्र सरकार उचलतं. दोन घ्या. सेटरची जागा त्यांनी भरणार नाही, पण दोन वर्षांनी हीच वेळ पुन्हा आली तर हाताखाली कोणीतरी असेल.

तुमच्याकडे आणखी दोन जागा रिकाम्या आहेत, डिस्पॅचचा मुलगा आणि मेंटेनन्सचा फिटर. त्यांना एकाच मापाने मोजू नका. डिस्पॅचवाला गेल्याला पाच महिने झाले. चलान स्टोअरकीपर करतोय, गाडी वेळेवर निघतेय, कोणी ओरडलेलं नाही. ती जागा रिकामी नाही, ती नकोच होती. कागदावरून काढून टाका आणि स्टोअरकीपरला त्यातले थोडे पैसे द्या, कारण काम तो करतोय.

फिटरचं उलट आहे. तिथे चार महिने काहीच खर्च दिसत नाही आणि मग एका दिवशी सगळा दिसतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत व्हीएमसी-४ च्या ल्युब ऑइलच्या टाकीची पातळी खालच्या रेषेच्या खाली आहे. हे कोणाचं काम, तर कोणाचंच नाही. स्लाइड कोरडी चालली की आधी मापं हलतात, मग दुरुस्ती निघते, आणि स्पिंडल-बॉलस्क्रूचं बिल लाखांत येतं. पूर्णवेळ फिटर परवडत नसेल तर शेजारच्या दोन गाळ्यांशी बोलून एक माणूस वाटून घ्या, आठवड्याला दोन दिवस. भोसरीत अशी फिरती माणसं आहेत. आणि तो मिळेपर्यंत तेल तपासून सही करायचं काम आजच एका ऑपरेटरच्या नावाने लिहून टाका.

काही जागांना तर हा हिशेबच लागू नाही. बॉयलर असेल तर प्रमाणपत्रधारक अटेंडंटशिवाय तो चालवता येत नाही. औषधाचं दुकान नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय चालत नाही. तिथे ‘बघू’ म्हणायला जागाच नाही. अकाउंटंटची खुर्ची रिकामी असेल तर तारखा वाट बघत नाहीत: टीडीएस सातला, पीएफ पंधराला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र वीसला, आणि उशिरा भरलेल्या जीएसटीवर १८ टक्के व्याज. तुमचा अकाउंटंट जागेवर आहे तोवर याची चिंता नाही. फक्त त्याला एक सांगा, की महिन्याच्या पत्रकात ‘वाचलेला पगार’ लिहिशील तेव्हा शेजारी ओव्हरटाइम, बाहेरचं जॉबवर्क, रिजेक्शन आणि डेबिट नोट यांचा मेआधीच्या सरासरीवरचा फरकही लिहीत जा. पाचव्या रकान्यात येण्यांचे सरासरी दिवस. एवढ्यावर बंधूंशी बोलणं सोपं होईल. मी काहीही म्हटलं तरी बाहेरच्याचं बोलणं ते, घरच्या वहीतला आकडा त्यांना जास्त पटेल.

शेवटचा प्रश्न: कॉन्ट्रॅक्टरकडून सेटर घ्यावा का? ऑपरेटर, हेल्पर घ्या, माझी हरकत नाही. त्याचं सर्व्हिस चार्ज आणि वर जीएसटी लागतो, पण जीएसटीचं क्रेडिट मिळतं. मात्र पीएफ त्याने भरला नाही तर तो तुमच्या गळ्यात येतो, म्हणून दर महिन्याला चलान मागून फाईलला लावा. सेटर मात्र घेऊ नका. प्रोग्रॅम, टूल लिस्ट, कोणत्या जॉबला कुठे शिम (पातळ पत्री) लावावी लागते, हे सगळं त्या माणसाच्या डोक्यात जातं, आणि कॉन्ट्रॅक्टर त्याला पुढच्या महिन्यात चाकणला दोन हजार जास्त देऊन हलवतो. अगदीच गरज पडली तर डिसेंबरपर्यंतची सोय म्हणून घ्या, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक जॉबचं सेटअप शीट लिहून घ्या: झीरो कुठे घेतला, टूल नंबर, ओव्हरहँग (टूल किती बाहेर ठेवला), क्लॅम्पिंगचा फोटो. तुमच्याकडे आज अशी किती शीट आहेत ते कळवा. निम्म्या जॉबची जरी असतील, तर नवा माणूस तयार व्हायला मी धरलेले दोन महिने एकावर येतील आणि वरचा हिशेब त्याप्रमाणे बदलून देता येईल.